हिंदुरावांची नजर

हडपसरच्या गेनबांचा थोरला मुलगा सरकारी शास्त्रज्ञ झाला, तेव्हा तो नेमकं करतो काय हे गावात कुणालाच उमगलं नाही. "उपग्रहाने वरून फोटो काढलेले असतात, त्यावरून खाली पाणी कुठे आहे ते शोधतो," असं त्याने एकदा देवळाच्या कट्ट्यावर सांगून पाहिलं. चुलते सोनबा तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "म्हंजी आभाळात बसून शेळ्या हाकतोस म्हण की." उंटावरून शेळ्या हाकणारे सरकारी लोक हडपसरने रगड पाहिले होते. आपल्यातलाच एक त्यांच्याही वरच्या मजल्यावर गेला, याचा गावाला थोडा अभिमान वाटला आणि पुष्कळशी करमणूक झाली.

त्या हिंदुरावांची ही हकीकत. ते मोठे नव्हते, थोर तर मुळीच नव्हते. पुण्यात पाण्यावर काम करणाऱ्या एका सरकारी कार्यालयात त्यांनी उभी नोकरी काढली आणि त्या नोकरीत त्यांना एकदा फार मोठं नाव मिळालं. ते कसं मिळालं आणि कसं गेलं, एवढंच सांगायचं आहे. सरकारी खात्यात नाव मिळणं सोपं असतं. ते परत करायला गेलं की कुणी घेत नाही.

गेनबांचा मळा कालव्याखालचा. हिवाळ्यात सगळं घर टोमॅटोला जुंपलेलं असे. तोडलेला माल चिंचेखाली ओतायचा आणि निवडायचा. कच्चा, हिरवा माल करंड्यांत भरून ट्रकने मुंबईला, कारण तो वाटेत पिकतो. पिकलेला लाल माल पुण्याच्या मंडईला. हे काम घरातली पोरंसुद्धा करत. त्यात न कळण्यासारखं काय आहे? हिंदुराव हाताशी आला तेव्हा त्याला मुंबईच्या करंड्या दिल्या. मुंबईच्या आडत्याचा निरोप आला, की यापुढे रस्साच पाठवायचा असेल तर करंडीऐवजी कळशीत पाठवा. गेनबांनी पोराच्या मुस्कटात ठेवून दिली. पुढच्या खेपेलाही तसंच झालं आणि पुन्हा मुस्कटात बसली. पोरगं आळशी आहे, कामात लक्ष नाही, असा गेनबांचा निवाडा होता.

त्याच्या आईचा, मुक्ताबाईंचा, निवाडा वेगळा होता. त्यांनी पोराला गोठ्यामागे नेलं, दोन टोमॅटो समोर धरले आणि विचारलं, "ह्यातलं पिकलेलं कंचं?"

हिंदुराव बराच वेळ बघत राहिला. "दोनी सारखीच हायती," असं म्हणाला आणि रडायला लागला.

मुक्ताबाई दचकल्या नाहीत. "माझ्या बाचं असंच व्हतं," त्या म्हणाल्या. "त्याला कुकू आन् लिंबाचा पाला एकाच रंगाचा दिसायचा. मेला तवर कुनाला कळलं न्हाई." मग त्यांनी दोन्ही टोमॅटो त्याच्या हातांत दिले. "डोळं मिट. आता सांग."

उजवा मऊ लागला, डावा टणक.

"हां. हात खोटं सांगत न्हाई. आन् हे कुनाला बोलू नगंस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

त्यानंतर हिंदुरावाने भरलेली करंडी कधी परत आली नाही, फक्त त्याला वेळ फार लागे. एकेक टोमॅटो दाबून बघणारा माणूस गेनबांना मळ्यात परवडणारा नव्हता. त्यांनी त्याला शाळेत नीट घालायचं ठरवलं. घराण्यात शास्त्रज्ञ निपजण्यामागे इतकंच कारण आहे.

कॉलेजात त्याने भूशास्त्र घेतलं. दगड हातात घेऊन, वजन बघून, खरवडून ओळखायचे असतात हे त्याला मानवलं. तिथेच एका पुस्तकात रंगांधळेपणा हा शब्द भेटला. त्याने ती पानं वाचली, पुस्तक जागेवर ठेवलं आणि बाहेर येऊन चहा प्याला. आपल्याला जे आहे त्याला नाव आहे, याने बरं वाटलं की वाईट, हे त्याला पुढेही कधी सांगता आलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ पडला आणि पाणी ही शास्त्रीय पद्धतीने शोधायची वस्तू आहे हे सरकारच्या ध्यानात आलं. शिवाजीनगरच्या बाजूला एका दगडी बैठ्या इमारतीत कार्यालय थाटलं, त्यात हिंदुराव लागले. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत डोळे पाहिले ते लांबचं आणि जवळचं दिसण्यापुरते. रंगांची परीक्षा इंजिन चालवणाऱ्यांची घेतात, शास्त्रज्ञांची कशाला घेतील?

आणि सुरुवातीला खरोखर काही बिघडलं नाही. विमानातून काढलेले फोटो असत, पुढे उपग्रहाचे येऊ लागले, ते सगळे काळे-पांढरे. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर फोटो ठेवायचा, वर पारदर्शक कागद अंथरायचा आणि करड्याच्या छटांवरून ओळखायचं, की हा ओढा, हे पडीक रान, हा मुरूम. रंग न दिसणाऱ्यांना छटा जास्त बारीक दिसतात असं म्हणतात. खरं-खोटं डॉक्टर जाणोत. हिंदुरावांना दिसत, एवढं खरं. कार्यालयाचा एक चांगला रिवाज होता. प्रत्येक फोटो दोघांनी वेगवेगळा वाचायचा, मग दोन्ही कागद एकमेकांवर ठेवायचे आणि जुळत नाही तिथे जीप काढून जागेवर जाऊन बघायचं. जागेवर गेल्यावर बहुतेक वेळा हिंदुरावांचंच बरोबर निघे.

मग रंगीत फोटो आले. उपग्रहाच्या कॅमेऱ्याला जो प्रकाश दिसतो तो माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, म्हणून छापताना त्यात रंग भरतात: हिरवं रान लाल, खोल पाणी काळं. पहिला फोटो टेबलावर आला तेव्हा सगळे भोवती जमले. "काय लाल आहे हो!" असं जो तो म्हणत होता. हिंदुरावही "वा" म्हणाले. त्यांना लाल रंग काळपट दिसायचा. जितका गर्द लाल तितका जास्त काळा. गर्द उसाचा मळा आणि भरलेलं तळं त्यांच्या नजरेला सख्खे भाऊ होते.

त्यांनी त्यावर तोड काढली. त्याच जागेचा काळा-पांढरा फोटो ते शेजारी ठेवून घेत आणि त्यावरून वाचत. त्यात रान उजळ येई, पाणी काळं; चूक व्हायचं कारणच नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणत, "रंगावर जाऊ नका. रंग आपणच भरलेले आहेत." हे अगदी खरं होतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला पटे. कार्यालयाचे प्रमुख गोपाळकृष्ण देवस्थळी यांना तर ते फारच पटलं. देवस्थळी विद्वान आणि सज्जन होते, पण कुणाच्याही साध्या वाक्यात तत्त्वज्ञान सापडण्याची त्यांना खोड होती. नव्याने लागणाऱ्या पोरांना ते सांगू लागले, "आमचे हिंदुराव म्हणतात, रंगावर जाऊ नका." झाकलेली मूठ अशी सव्वा लाखाच्याही वर जाऊ लागली.

ऐंशी साल उलटल्यावर एका कोरड्या उन्हाळ्यात दौंडकडच्या गावांचं काम निघालं. त्या एका फोटोची काळी-पांढरी जोडी टपालात कुठेतरी अडकली होती आणि थांबायला सवड नव्हती. हिंदुरावांनी रंगीत फोटोवरूनच वाचलं. एका खेड्याच्या वर त्यांना मोठा काळा डाग दिसला, तिथे त्यांनी 'पाणी' लिहिलं. दुसऱ्या वाचकाने तिथेच 'पीक' लिहिलं होतं. कागद जुळेनात. सरकारी दप्तराप्रमाणे तिथे पूर्वी एक तलाव होता, पण तो गाळाने भरून गेलेला होता. रिवाजाप्रमाणे जीप निघाली, आणि सहल म्हणून देवस्थळीही बरोबर आले.

तिथे गेले तर डोळे निवतील असं हिरवंगार पसरलेलं. सगळ्यांनी दुसऱ्या वाचकाचं अभिनंदन केलं. ड्रायव्हर संभाजीने एक धोंडा उचलून त्या हिरव्यात भिरकावला, आणि डुबुक असा आवाज झाला. काठापासून काठापर्यंत जलपर्णी माजली होती आणि तिच्याखाली पुरुषभर पाणी होतं. गावकऱ्यांना ते माहीत होतंच. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

हिंदुराव काठावर उभे होते. सगळे 'हिरवं, हिरवं' म्हणत होते ते ऐकून क्षणात त्यांच्या ध्यानात आलं: म्हणजे फोटोत हे लाल होतं. मला लाल दिसलं नाही, काळं दिसलं, म्हणून मी पाणी म्हटलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती.

"हिंदुराव," देवस्थळी भारावून म्हणाले, "आम्हाला वरचं दिसलं. तुम्हाला खालचं दिसलं."

"साहेब, मला ते काळंच दिसलं हो," हिंदुराव म्हणाले.

"तेच तर!" देवस्थळी म्हणाले.

एवढा एकच प्रयत्न हिंदुरावांनी केला. नंतर ते गप्प बसले, आणि खोटं कशाला सांगा, गप्प बसणं त्यांना गोड वाटलं. उन्हाळाभर त्या खेड्याला तळ्याचं पाणी मिळालं. देवस्थळींनी दिल्लीच्या परिषदेत त्यावर निबंध वाचला. लहानपणी ज्या गोष्टीसाठी मुस्कटात खाल्ली, त्याच गोष्टीसाठी आता हार गळ्यात पडत होता. तो काढून ठेवायला फार मोठं मन लागतं. हिंदुरावांचं साधारण होतं.

कार्यालयाने त्यांना मुख्य वाचक केलं. मुख्य वाचकाच्या कागदाची दुसऱ्याने तपासणी करायची नाही, असं ठरलं. अशा नजरेची तपासणी करणार कोण? आणि हिंदुराव रंगातूनच आरपार बघतात म्हटल्यावर काळे-पांढरे फोटो मागवायचंही बंद झालं. म्हणजे ज्या काठीच्या आधाराने माणूस चालत होता, ती काठी त्याच्या चालण्यावर खूष होऊन काढून घेतली.

आता उरला एकच आधार, तो म्हणजे श्यामलाबाई. वाचलेले नकाशे शाईने उतरवून काढायचं काम त्यांच्याकडे होतं. नारायण पेठेत राहायच्या, अक्षर छापल्यासारखं, बोलणं मोजकं आणि धार काढलेलं. हिंदुराव फोटोवर बोट ठेवून अगदी सहज विचारत, "श्यामलाबाई, हे तुम्हाला काय वाटतं?" त्या म्हणत, "लाल आहे. पीक." हिंदुराव म्हणत, "बरोबर." अशी चार-पाच वर्षं गेली. त्या काळात मुख्य वाचकांची एकही चूक झाली नाही.

शहाऐंशीच्या टंचाईत एका जिल्ह्याचे नकाशे तातडीने मागितले गेले. गावोगाव टँकर चालू होते आणि ते पुरत नव्हते. जिल्ह्याच्या कचेरीने ठरवलं होतं, की ज्या गावाजवळ नकाशात वापरण्याजोगं पाणी दिसेल तिथला टँकर काढून दुसरीकडे द्यायचा. त्याच आठवड्यात श्यामलाबाई बहिणीच्या लग्नाला कोल्हापूरला गेल्या होत्या. सावळदरा नावाच्या गावाशेजारी एक काळा डाग होता. तो पाणी होता की पीक, हे हिंदुरावांना सांगता येईना. सवयीने त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. फोटोचा कागद सगळीकडे सारखाच गुळगुळीत होता.

शेजारच्या टेबलावरच्या पोराला हाक मारली असती तरी भागलं असतं. पण मुख्य वाचकाने 'हा रंग कोणता' असं विचारायचं कसं? त्यांनी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी देवस्थळी उभ्या उभ्या कागद मागायला आले. हिंदुरावांनी 'पाणी' लिहिलं आणि सही केली.

शुक्रवारी श्यामलाबाई परत आल्या, लग्नाचे लाडू वाटले आणि पक्की प्रत उतरवायला बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "साहेब, सावळदऱ्याला पाणी कधीपासून?"

"का?"

"हा ऊस आहे. असा लालभडक, की डोळ्यांत खुपतो." त्या हिंदुरावांकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत काहीच खुपत नव्हतं हे बाईंना दिसलं असावं. त्यांनी दौत बंद केली. "आपण मला 'काय वाटतं' असं विचारायचात. मला वाटायचं, आपण मला शिकवताय."

"शिकलात ना?" हिंदुराव म्हणाले.

"हो. पण मग फी आपण द्यायला हवी होती."

सही झालेली कच्ची प्रत आधीच जिल्ह्याला पोचली होती. पक्की प्रत न्यायला उद्या, शनिवारी, तिथले अधिकारी येणार होते आणि सोमवारपासून सावळदऱ्याचा टँकर बंद होणार होता. हिंदुराव तसेच उठून देवस्थळींच्या खोलीत गेले.

"साहेब, सावळदऱ्याला चूक झाली. तिथे पाणी नाही, ऊस आहे."

देवस्थळींनी फोटो मागवला, भिंग लावून पाहिला. "दिसतो तर उसासारखाच," ते म्हणाले आणि हसले. "पण त्या तळ्याच्या वेळीही आम्ही सगळे पीकच म्हणत होतो. तुम्ही एकटे बरोबर होता."

"आता मी एकटा चुकीचा आहे."

"हा तुमचा विनय झाला. पहिली नजर कधी खोडू नये, हिंदुराव."

"साहेब, उसाखाली कुठलं पाणी दडणार? जीप द्या, मी बघून येतो."

"जीप सोमवारपर्यंत दौऱ्यावर आहे. आणि आपलं सही केलेलं वाचन आपणच मागे घ्यायचं? कशावरून, तर श्यामलाबाईंना लाल दिसतंय म्हणून? तुम्हीच सांगता ना, रंगावर जाऊ नका?"

"मला लाल रंग दिसत नाही, साहेब," हिंदुराव म्हणाले. अखेर बोलून टाकलं.

देवस्थळींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "ठाऊक आहे. म्हणून तर तुम्हाला पाणी दिसतं."

हिंदुराव बाहेर आले. त्यांना भीती वाटत होती आणि भीतीहून जास्त लाज वाटत होती. खरं सांगूनही भागत नाही, ते दाखवावं लागणार, हे त्यांना कळून चुकलं. काय दाखवायचं तेही कळलं. लहानपणापासून ते त्यांच्या पाठीमागेच उभं होतं.

शनिवारी सकाळी त्यांनी आईकडे करंडी मागितली. गेनबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुक्ताबाई थकल्या होत्या, पण परसात टोमॅटोचे वाफे होतेच.

"कच्ची का पिकलेली?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"दोनी. मिसळून दे."

"मिसळून? लोकं निवडून मागत्यात, तू मिसळून मागतोस." त्यांनी मुलाच्या तोंडाकडे पाहिलं. करंडी भरून दिली. हिंदुराव ती मांडीवर घेऊन बसने शिवाजीनगरला गेले. कंडक्टर म्हणाला, "मंडई मागं गेली, काका." ते म्हणाले, "माहीत आहे."

बैठकीला जिल्ह्याचे अधिकारी होते, देवस्थळी होते, नव्याने लागलेली पोरं मागे उभी होती आणि पक्की प्रत घेऊन श्यामलाबाई होत्या. प्रतीवर सावळदऱ्याची जागा त्यांनी कोरी ठेवली होती. हिंदुरावांनी करंडी त्यांच्यापुढे ठेवली. "हे टेबलावर ओळीने मांडा. कसेही." श्यामलाबाईंनी मांडले. हिंदुरावांनी दोन्ही हात पाठीमागे धरले आणि एका पोराला म्हणाले, "पट्टी घे. एकेकावर ठेव. मी कच्चा की पिकलेला ते सांगतो."

"हे काय चाललंय?" देवस्थळी म्हणाले.

"नजर दाखवतो, साहेब."

पहिला बरोबर आला. देवस्थळींनी मान डोलावली. दुसरा रसरशीत लाल होता, हिंदुराव म्हणाले, "कच्चा." पोरं हसली. तिसरा गडद हिरवा होता, ते म्हणाले, "पिकलेला." पोरं पुन्हा हसली, साहेब गंमत करतात असं त्यांना वाटलं. पट्टी पुढे सरकत गेली आणि हिंदुराव सांगत गेले. काही बरोबर आले, बरेचसे चुकले. हसू हळूहळू विझलं. ओळ संपायच्या आतच पट्टी धरणाऱ्या पोराने मान खाली घातली. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही. तिथे कुणाला काही समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

पहिल्यांदा जिल्ह्याचे अधिकारी बोलले. "म्हणजे सावळदऱ्याचा टँकर चालू ठेवायचा?"

"हो," हिंदुराव म्हणाले.

"मग एवढंच सांगायचं होतंत. टोमॅटो कशाला आणले?"

"एवढंच सांगून झालं होतं," श्यामलाबाई म्हणाल्या, आणि कोऱ्या जागेत त्यांनी सर्वांसमोर 'ऊस' लिहिलं.

देवस्थळी खाली बसले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आणि ते तळं?"

"मला जलपर्णीचं लाल दिसलंच नाही, साहेब. काळं दिसलं, म्हणून पाणी म्हटलं. आधीच सांगायला हवं होतं."

"मी दिल्लीत त्यावर निबंध वाचला, हिंदुराव."

"चांगला झाला होता, साहेब."

पुढचं थोडक्यात. सोमवारी सावळदऱ्याला टँकर गेला. गावातल्या कुणाला तो जाणार नव्हता हेही ठाऊक नव्हतं आणि तो कुणामुळे आला हेही. काही दिवसांनी जीप जाऊन आली; डागाच्या जागी एका बड्या बागायतदाराचा ऊस उभा होता आणि बाजूच्या वस्तीवर हंड्यांची रांग. चौकशी झाली. मुख्य वाचक हे पद हिंदुरावांकडून काढलं, त्यांना नकाशे ठेवायच्या खोलीत बसवलं, आणि बढती जी थांबली ती निवृत्तीपर्यंत थांबलीच. दोघांनी वाचायचा रिवाज पुन्हा सुरू झाला, काळे-पांढरे फोटोही पुन्हा येऊ लागले. श्यामलाबाईंना वाचनाच्या टेबलावर बसवलं गेलं, पण पद द्यायला खात्याने पाच वर्षं घेतली. देवस्थळी हिंदुरावांशी पुन्हा नीट बोलले नाहीत. त्यांचा राग चुकीबद्दल नसावा. आपल्याला एक सुंदर गोष्ट सापडली होती ती काढून घेतली, याचा असावा. 'रंगावर जाऊ नका' हे वाक्य मात्र त्या कार्यालयात टिकून राहिलं. नव्याने येणारी पोरं ते कुणाचं आहे हे माहीत नसताना म्हणत असतात. ते चुकीचंही नाही.

राहिली त्या शनिवारची संध्याकाळ. हिंदुराव करंडी घेऊन घरी आले. मुक्ताबाई अंगणात बसल्या होत्या. बसच्या गर्दीत काही टोमॅटो दबले होते. हिंदुरावांनी करंडी त्यांच्यापुढे ठेवली, शेजारी बसले आणि झालेलं सगळं सांगितलं.

"समद्यांम्होरं चुकलास?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"चुकलो."

"हात लावला न्हाईस?"

"न्हाई."

"लावला असतास तर एक बी चुकला नसतास."

"म्हनून तर पाठीमागं धरलं व्हतं, आये."

मुक्ताबाईंनी करंडी जवळ ओढली आणि निवडायला लागल्या, कच्चे एका बाजूला, पिकलेले एका बाजूला. मग त्यातला एक पदराला पुसून त्यांनी मुलाच्या हातात दिला.

"खा," त्या म्हणाल्या. "लाल हाय."